सेल्फ उचलत नव्हता

"त्येला म्हणावं, मार आता," अण्णा म्हणाला.

हरिदास ट्रॅक्टरच्या सीटवर बसला होता. अण्णा त्याच्यापासून चार-पाच हातांवर, लिंबाला टेकून उभा होता. मधे मी, मीटरच्या दोन तारा दोन हातांत धरून बॅटरीवर वाकलेली. अण्णाचं बोलणं माझ्या डोक्यावरून हरिदासच्या कानापर्यंत अगदी स्वच्छ गेलं होतं. तरी तो चावी धरून माझ्याकडेच बघत राहिला.

"मार," मी म्हणाले.

तेव्हा कुठं त्यानं चावी फिरवली. सेल्फनं, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरनं, घुंऽऽ केलं, इंजिन अर्धा फेरा फिरलं, दम खाल्ला, परत घुंऽऽ, परत अर्धा फेरा. डिझेलचं इंजिन अशा फिरण्यावर सुरू होत नाही. त्याला झटका लागतो.

"बास," मी म्हणाले.

"आक्का, अण्णास्नी इचार," हरिदास वरनं म्हणाला, "सेल्फ बांधून आणला तवा मेस्त्रीनं बुश नवं घातलं, का जुनंच ठोकून बसिवलं."

"तू त्येला इचार," अण्णा लिंबाशी बोलल्यासारखा म्हणाला, "नवी म्हणून आणलेली बॅटरी कुणाच्या गाडीतली उतरून आणलीया."

दोघे माझे सख्खे भाऊ. अण्णा, म्हणजे मुरलीधर, थोरला. मधली मी. हरिदास शेंडेफळ; आमचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, त्याला अण्णानंच वाढवलं. आणि त्या शनिवारी सकाळी दोघांच्या अबोल्याला तीन वर्षं पुरी होत आली होती. समोरासमोर उभे असले तरी बोलायचे ते तिसऱ्या माणसामार्फत. त्या दिवशी तिसरं माणूस मी होते.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा सोलापुरात आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवत होते. गांधीजयंती शुक्रवारी आली होती आणि तिला जोडून शनिवार-रविवार. त्याच्या आदल्या आठवड्यात पद्मावहिनीनं, अण्णाच्या बायकोनं, एसटीच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवली: 'सुट्टीला या. येताना तुमचं ते काट्याचं यंत्र आणा.' काट्याचं यंत्र म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर. वहिनी कधी काही मागत नसे, त्यामुळे मी समजले की गोष्ट गळ्याशी आली आहे.

आली होतीच. हस्ताचा पाऊस मंगळवारी थांबला आणि शुक्रवारपर्यंत रान वाफशावर आलं. चिखल नाही, कोरडं नाही, मुठीत माती दाबली की ढेकूळ होतं आणि सोडली की फुटतं. आमच्याकडे ज्वारी पेरायची ती याच दोन-तीन दिवसांत. ऊन तापलं की वरची ओल उडून जाते आणि मग पेरलेलं उगवलं तर उगवलं. अशा वेळी शुक्रवारी संध्याकाळी हरिदास पेरणीचं यंत्र जोडायला ट्रॅक्टर खळ्यात घेऊन आला, क्लच सोडताना इंजिन बंद पडलं, आणि तिथंच बसलं.

एरवी ते ट्रॅक्टर उतारावर लावत. दोन वर्षं झाली, सेल्फ असाच मरतुकडा फिरत होता, म्हणून तळ्याकडच्या उतारावरनं सोडून गिअर टाकून चालू करायचे. खळं सपाट, खाली ओलं रान. ढकलायला आठ माणसं लागली असती आणि त्या दिवशी गावातलं प्रत्येक माणूस स्वतःच्या शेतात होतं. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं म्हटलं, तर वाफशाच्या दिवशी स्वतःची पेरणी थांबवून कोण येणार.

वाटणीत जमीन विभागली, घराच्या मधे भिंत पडली, पण ट्रॅक्टर काही मधनं कापता येईना. पंचांनी आठवड्यावर आठवडा ठरवून दिला. सोमवारी सकाळी बदल. त्यावर या दोघांनी काय करावं? हरिदासनं स्वतःच्या पैशानं नवी बॅटरी घेतली आणि आपला आठवडा संपला की ती काढून घरात नेऊन कुलपात ठेवू लागला. अण्णा आपल्या आठवड्यात जुनी जोडून ट्रॅक्टर भाड्याच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. मग अण्णानं सेल्फ बार्शीला नेऊन बांधून आणला. सेल्फ दर आठवड्याला काढता येत नाही, नाहीतर त्यानं तोही काढून नेला असता. बॅटरी नवी, सेल्फ नव्यासारखा, आणि इंजिन तसंच घुंऽऽ. दोघांचीही खात्री की दुसऱ्यानं आणलेला माल खोटा.

मी मीटर खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून दोघांकडे बघितलं.

"मला एक सांगा," मी म्हणाले, "हे कधीपासून असं होतंय?"

"अण्णांनी सेल्फ आणल्यापासनं," हरिदास म्हणाला.

"त्येनं बॅटरी बदलल्यापासनं," अण्णा म्हणाला.

"चांगलं चालत असताना त्यानं बॅटरी कशाला बदलली? आणि चांगला फिरणारा सेल्फ तू बांधायला का नेलास?"

हरिदासनं चावीकडे बघितलं, अण्णानं लिंबाकडे. वहिनी चहाचे कप घेऊन आली होती, ती म्हणाली, "वाटणी झाल्याव पैल्या उन्हाळ्यापासनं. आधी जरा जरा. मग वाढतच गेलं."

"तुला काय कळतंय त्यातलं," अण्णा म्हणाला.

"मला आवाज कळतोय," वहिनी म्हणाली. "रोज सकाळी त्योच ऐकून उठत्ये मी." तिनं एक कप अण्णाच्या हातात दिला आणि दुसरा मडगार्डवर हरिदासपाशी ठेवला. हरिदासची बायको पोराला घेऊन माहेरी गेली होती, आणि वहिनी दोन दिवस त्याचं जेवणही भिंतीवरनं देत होती. त्यावर अण्णा काही बोलत नसे. ते त्याला दिसतच नाही, असं त्यानं ठरवलं असावं.

मी चहा प्याले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वर्गात मी पोरांना सांगायची तेच: आधी काही बदलायचं नाही, आधी मोजायचं.

"हरिदास, स्टॉपची दांडी ओढून धर, म्हणजे चुकून सुरू व्हायचं नाही. गिअर न्यूट्रल आहे ना?"

"आक्का, म्या रोज चालवतोय ट्रॅक्टर."

"म्हणजे बघितलं नाहीस. बघ."

त्यानं गिअर हलवून बघितला. मी बॅटरीच्या दोन टोकांवर तारा टेकवल्या आणि चावी मारायला लावली. काटा जरासाच खाली आला आणि थांबला. बॅटरी मेलेली असती तर काटा धपकन पडला असता.

"बॅटरी चांगली आहे."

हरिदासनं अण्णाकडे बघितलं नाही, पण मान जरा ताठ केली.

"जुनी आण, तीही बघू," मी म्हणाले. अण्णा गेला आणि जुनी बॅटरी उचलायला वाकला. वाकता वाकता त्याचा चेहरा पिळवटला. त्याला मणक्याचा जुना त्रास होता. हरिदास सीटवरनं अर्धा उठला, मग परत बसला. शेवटी ती बॅटरी मी आणि वहिनीनं दोन कानांना धरून आणली. तीही चांगली होती.

"हीही चांगली आहे," मी म्हणाले. "म्हणजे दोन चांगल्या बॅटऱ्या असताना तुम्ही दोन वर्षं त्या उचलून नेताय आणि आणताय."

आता अण्णाची मान ताठ झाली. "मंग सेल्फ," तो म्हणाला. "त्येला म्हणावं, बोल की. सेल्फ खोटा हाय म्हन."

"सेल्फवर मी अजून आले नाही."

मी सेल्फवर मीटर लावला. बॅटरीवर बारा व्होल्ट दिसत होते, तर इथं चावी मारल्यावर सातच. म्हणजे बॅटरी देत होती ते सगळं सेल्फपर्यंत पोचतच नव्हतं. वाटेत कुठंतरी जवळजवळ निम्मं गळत होतं, आणि उपाशीपोटी बिचारा सेल्फ इंजिन फिरवायची धडपड करत होता.

"सेल्फपण चांगला आहे," मी म्हणाले. "बार्शीच्या मेस्त्रीनं तुला फसवलं नाही. चूक मधल्या रस्त्यात आहे."

"मधी काय हाय?" हरिदासनं विचारलं. "एक जाड तार हाय. ती म्या गेल्या साली नवी टाकली."

"तू टाकलीस?" अण्णा एकदम म्हणाला, मग आपण कुणाला विचारलं हे लक्षात येऊन माझ्याकडे वळला. "त्येनं कवा टाकली?"

"गेल्या साली," मी म्हणाले. "तुला ऐकू आलंय."

"आन म्या त्याच्या आदल्या साली टाकलीवती. चांगली तार काढून टाकली त्येनं."

मला त्या क्षणी दोघांनाही खळ्यात तसंच सोडून दुपारच्या गाडीनं निघून जावंसं वाटलं. दहा वाजून गेले होते. समोरच्या शेतात लोखंडेंची बैलांची पेरणीची पाभर पाचव्या ओळीला लागली होती. वाफसा कुणासाठी थांबत नव्हता आणि इथं दोन बाप्ये एका तारेवरून माझ्यामार्फत भांडत होते.

"येणारा रस्ता एक आणि जाणारा रस्ता एक," मी म्हणाले. "जाड तार म्हणजे येणारा. तो ठीक आहे, आत्ता मोजला मी. करंट परत जातो तो लोखंडातनं. बॅटरीचं दुसरं टोक एका पट्टीनं बॉडीला जोडलेलं असतं. अर्थिंगची पट्टी. ती कुठं जोडलीये?"

दोघांनाही सांगता येईना. इतकी वर्षं दोघांनी तो ट्रॅक्टर हाकला होता, त्याचा प्रत्येक भाग बदलला होता, आणि पाच रुपयांची ती पट्टी कुठं जाते हे कुणी पाहिलं नव्हतं. मी बॅटरीपासून बोटानं माग काढत गेले. पट्टी पायदानाखाली वळून इंजिनच्या मागच्या लोखंडी कवचावर, खालच्या अंगाला एका बोल्टखाली गेली होती. तिथं मीटर लावला. चावी मारली की तिथंच चार व्होल्ट दिसत होते. जिथं काहीच दिसायला नको तिथं.

"वहिनी, एक गोणपाट द्या," मी म्हणाले.

साडीचा पदर खोचून मी ट्रॅक्टरखाली शिरले. पाठीखाली ओल लागत होती. वर तेल आणि माती चिकटून कातडं झालेलं. "हरिदास, आता पाच वेळा मार. लागोपाठ."

घुंऽऽ. घुंऽऽ. पाचव्यांदा झाल्यावर मी बोल्टला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. चांगलाच चटका बसला. बाकी सगळं लोखंड गार आणि एवढा एकच बोल्ट तव्यासारखा. करंटला जिथं वाट मिळत नाही तिथं तो तापतो. त्याला लपता येत नाही.

"सापडलं," मी खालनं म्हणाले. "एकोणीसचा पाना द्या."

पाना घेऊन हरिदास खाली उतरला आणि माझ्या बाजूला उकिडवा बसला. अण्णाला वाकता येत नव्हतं, पण तोही मडगार्ड धरून जवळ आला. त्याची पायताणं मला दिसत होती.

"हा बोल्ट कुणी काढला होता आधी?" मी विचारलं.

"म्या न्हाई," हरिदास म्हणाला. "खाली कवा गेलोच न्हाई."

अण्णाची पायताणं जराशी मागं सरकली.

बोल्ट कडक बसला होता. हरिदासनं हात घातला तेव्हा सुटला. मी पट्टीचं टोक बाजूला केलं आणि तिथं बोट फिरवलं. गंजाचा एक तपकिरी गोल, आणि त्या गोलाच्या आत लाल रंग. बाहेरचा सगळा रंग उन्हानं विटून गुलाबी झाला होता, पण पट्टीखाली झाकलेला तेवढा काल मारल्यासारखा होता. जाड, गुळगुळीत. कुणीतरी रंग देण्यासाठी बोल्ट काढला होता, सगळ्या अंगाला नीट रंग दिला होता, आणि परत लावताना खालचं लोखंड खरवडायचं विसरला होता. रंगातनं करंट जात नाही. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतनं थोडाफार गेला, मग आटेही गंजले.

मी तशीच पडून राहिले. हरिदासनं वाकून बघितलं. त्यानंही ते ओळखलं.

"आस्सं," तो म्हणाला. मग उठून उभा राहिला, आणि त्याचा आवाज बदलला. "आक्का, अण्णास्नी म्हणावं, गिऱ्हाइकाला दावायच्या घाईत खरवडायचं ऱ्हायलं वाटतं."

"कसलं गिऱ्हाईक?" अण्णानं विचारलं.

त्यानं ते थेट हरिदासला विचारलं होतं. मला नाही, लिंबाला नाही. हरिदासही चपापला. मी ट्रॅक्टरखालनं सरपटत बाहेर आले आणि गोणपाटावर बसले.

"कसलं गिऱ्हाईक, म्या म्हणतो?"

हरिदासनं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. त्या नजरेत मला कळलं की तीन वर्षांत त्यानं माझं नाव कुणापुढे घेतलेलं नव्हतं. बायकोपुढेही नाही. आणि आत्ताही तो घेणार नव्हता. मी गप्प राहिले असते, तर तो बोल्ट खरवडून लावला असता, ट्रॅक्टर सुरू झाला असता, आणि सगळं होतं तसं चालत राहिलं असतं.

"मी सांगितलं होतं त्याला," मी म्हणाले.

अण्णा माझ्याकडे बघू लागला.

"तीन वर्षांपूर्वी. मी पंचमीला आले होते. हरिदास सासुरवाडीला गेला होता. तू इथंच, याच लिंबाखाली ट्रॅक्टरला रंग देत होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस आला. पांढरा शर्ट, खिशाला वही. तू आणि तो ट्रॅक्टरभोवती फिरत होतात. त्यानं पुढून टेपनं माप घेतलं. मी दारात होते. तुम्ही काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, तू ट्रॅक्टर विकतोयस. पुढच्या आठवड्यात हरिदास सोलापूरला आला, माझ्याकडे जेवला, तेव्हा मी त्याला म्हणाले, अण्णानं ट्रॅक्टर रंगवलाय, गिऱ्हाईक येऊन माप घेऊन गेलं, तुला विचारलं का त्यानं?"

"आन ह्यो आला त्यो वाटणी मागतच आला," अण्णा सावकाश म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, ह्येला बायकोनं शिकिवलं."

वहिनी दारात उभी होती. तिनं डोळे मिटले.

"तो कोण होता, अण्णा?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं, पण विचारलं.

"पेंटर," अण्णा म्हणाला. "बार्शीचा. अक्षरं काढणारा."

समोरच्या शेतात बैलांना हाक मारलेली ऐकू आली.

"डाक्टरनं मला सांगितलंवतं, मणका गेलाय, आता ट्रॅक्टरवर बसायचं न्हाई. म्हणून म्हटलं, ह्येच्या हवाली करावा. नीट रंगवून. पुढं जाळीच्या वर ह्येचं नाव घालून." अण्णानं हात जरासा उचलला, कुठं ते दाखवायला, आणि खाली सोडला. "हरिदास बाळकृष्ण. आक्षरं केवढी बसतील म्हणून माप घेतलं त्येनं. दसऱ्याला द्यायचा व्हता. सांगितलं न्हाई, कारण सांगून काय मजा."

हरिदास मडगार्डला धरून उभा होता. त्याचा अंगठा त्या विटलेल्या रंगावर उगाच मागं-पुढं फिरत होता.

"मग तुम्ही तवा का बोल्ला न्हाई?" तो म्हणाला. "म्या वाटणी मागितली, तर नुसतं 'घे' म्हन्लं."

"तू का मागतोस ते तरी तू बोललास का?"

"माझ्या माघारी ट्रॅक्टर इकणार, आन म्या इचारायचं व्हय?"

"म्या इकणार असं तुला वाटलंच कसं?" अण्णाचा आवाज चढला. "नऊ वरसाचा हुतास. तवापासनं एक गोष्ट तुला न सांगता केली का म्या?"

"ही केली की."

मी तिथं बसून दोघांकडे बघत होते आणि मला स्वतःचा इतका राग आला होता की भाजलेलं बोट मी मुठीत दाबून धरलं. त्या माणसाला मी चहा नेऊन दिला होता. कप हातात देताना नुसतं 'कुठून आलात' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. मी विचारलं नव्हतं, कारण मला वाटलं मला कळलंय. मी पोरांना आधी मोजायला शिकवत होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "दोघांचंही मी वाईट केलं."

अण्णानं माझ्याकडे बघितलं नाही. हरिदास म्हणाला, "आक्का, तू उठ. ते बघू आधी." मग त्यानं घरातनं करवतीचं जुनं पातं आणलं, उताणा पडून ट्रॅक्टरखाली गेला आणि खरवडू लागला. मी पॉलिश पेपर पुढे केला. लाल भुकटी त्याच्या तोंडावर पडत होती. दहा मिनिटांत खालचं लोखंड चांदीसारखं दिसायला लागलं. पट्टीचं टोकही त्यानं घासलं.

"आटं घास," अण्णा म्हणाला.

"घासतोय."

"वायसर हाय का?"

"हाय. तुम्ही तेवढा पाना सरकवा हिकडं."

अण्णानं पायानंच पाना सरकवला.

बोल्ट आवळून हरिदास बाहेर आला, हात पँटला पुसले, सीटवर चढला. स्टॉपची दांडी आत ढकलली. यावेळी त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, कुणाकडेच बघितलं नाही. चावी फिरवली आणि सेल्फनं इंजिन असं काही झटकलं की मी दोन पावलं मागं सरले. दुसऱ्या फेऱ्याला काळा धूर निघाला आणि ट्रॅक्टर धडधडू लागला. लिंबावरचे कावळे उडाले. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, आणि मला वाटतं तिघांनाही ते बरं वाटलं.

हरिदासनं यंत्र जोडलं आणि बियाणं भरलं. गिअर टाकताना तो ओरडून म्हणाला, "कुठनं धरू?" अण्णा ओरडला, "तुझ्याच रानातनं. तुझा आठवडा हाय." हरिदास म्हणाला, "तुमचं रान उंचाव हाय, आधी वाळतंय. सोमवारपतूर ओल ऱ्हात न्हाई." अण्णा म्हणाला, "ते म्या बघीन." यावर दोघं इतका वेळ ओरडत राहिले की डिझेल जाळणं थांबवा म्हणून मला सांगावं लागलं. अखेर हरिदासनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ट्रॅक्टर अण्णाच्या रानाकडे वळवला. अण्णा काठी घेऊन त्याच्या मागं चालत गेला, पेर वाकडी पडत नाही ना हे बघायला.

ते लगेच पूर्वीसारखे झाले, असं मी सांगणार नाही. भिंत तशीच राहिली. वाटणीचे कागद तसेच राहिले. अबोला गेला आणि भांडण आलं, आणि ते भांडण मग पुढे अनेक वर्षं, पाणी, बांध, खत, सगळ्यावरून, रोज व्हायचं. वहिनी म्हणायची, आधीचं बरं होतं, शांतता तरी होती. पण हे म्हणताना ती हसायची.

अण्णा मात्र माझ्याशी बोलेना. शनिवार गेला, रविवार गेला. दोन्ही रानं पेरून झाली. जेवताना मी वाढायला गेले तर तो ताटावर हात आडवा धरायचा. हरिदास दोनदा येऊन म्हणाला, "जाऊ दे आक्का, निवळंल." मी म्हणाले, त्याला रागवायचा हक्क आहे. तीन वर्षं त्यानं स्वतःच्या भावाला नालायक समजावं असं मी केलं, त्यानं मला तीन दिवस तरी नालायक समजायला नको का.

सोमवारी सकाळी सातची गाडी होती. मी वहिनीचा निरोप घेऊन फाट्यावर येऊन उभी राहिले. थोड्या वेळानं अण्णा आला. कमरेला पट्टा बांधलेला, सावकाश, प्रत्येक पाऊल बघून टाकत. माझ्याजवळ येऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून.

"तू त्या माणसाला इचारायला पायजे हुतं," तो म्हणाला.

"हो."

"नुसतं इचारायचं, कोण बाबा तू म्हणून."

"हो, अण्णा."

लांब वळणावर गाडीची धूळ दिसली.

"म्यापण ह्येला इचारलं न्हाई," तो म्हणाला. "वाटणी मागाय आला त्या दिशी. उंबऱ्यात हुबा हुता. नुसतं 'का रं' म्हन्लं असतं, तर बोल्ला असता त्यो. म्या 'घे' म्हणून आत गेलो."

एसटी येऊन थांबली. मी नको नको म्हणत असताना त्यानं माझी पिशवी उचलली, तोंड वाकडं करून पायरीवर चढवली आणि कंडक्टरला म्हणाला, "सोलापूर एक. खिडकीपाशी बसवा. हिला गाडी लागती."

मला गाडी लागायचं शाळेत असतानाच थांबलं होतं. मी खिडकीपाशी बसले.